कपार

रहिमतपूरला आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाण्याखाली दीडएक पुरुष खोल, एक कपार आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की तिचा वरचा ओठ दिसतो, एरवी नाही. आम्हा पोरांना पोहायला तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी शिकवलं. पाठीला डबा, कमरेला कासरा आणि कासऱ्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात. नियम दोनच. एकट्यानं उतरायचं न्हाय आणि कपारीकडं जायचं न्हाय.

अकरा वर्षांचा असताना चुलतभावाशी पैज लावून मी कपारीत शिरलो. आतल्या भिंतीला हात लावून यायचं, एवढंच. हात लागलाही. पण वळताना पायानं गाळ उठला आणि सगळं काळं झालं. वर जायला गेलो तर डोक्यावर दगड. वर म्हणजे बाहेर, हे गणितच तिथं चालत नव्हतं. मग कुणीतरी पाय धरून ओढलं. तात्यांनी दोन थोबाडीत दिल्या, मग एसटी स्टँडवर नेऊन भजी खायला घातली. घरी ते कधी बोलले नाहीत. मीही नाही.

आता अठ्ठावीस वर्षांचा आहे, हिंजवडीत कोड लिहितो आणि केव्ह डायव्हिंग कुठं शिकायचं याची एक शीट माझ्या लॅपटॉपवर वर्षभर उघडी आहे.

खूळ घुसलं ते २०१८ मध्ये. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जूनला बारा मुलं आणि त्यांचा कोच अडकले, १० जुलैला शेवटचे बाहेर आले. मी हॉस्टेलच्या बेडवर पडून दिवसरात्र तेच बघत होतो. पाणी उपसायला मदत करणाऱ्यांत किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ होते, याचं फार अप्रूप वाटलं. किर्लोस्करवाडी आमच्याच रेल्वेलाइनवर, कराडच्या पुढं. पण लक्षात राहिला तो समान गुनान, थाई नौदलाचा माजी कमांडो. आत हवेच्या टाक्या ठेवून परतताना तो ६ जुलैला गेला. पोहण्यात कच्चा नव्हता. हवा पुरली नाही.

समुद्रातलं डायव्हिंग मी तारकर्लीला शिकलो. एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे तिथं. पण गुहेचं शिक्षण इथं मिळायचं नाही, याचं कारण आपल्या पायाखाली आहे. सह्याद्री बेसाल्टचा. पाण्यानं विरघळून मैलोन् मैल बोगदे व्हायला चुनखडी लागते. आपल्याकडं गुहा म्हणजे बहुतेक छिन्नीनं कोरलेल्या, लेणी. पाण्याखालच्या म्हणाल तर माझ्या माहितीत आमची कपार.

म्हणून शीटमध्ये शेवटी दोन नावं उरली. फ्लोरिडाचे झरे आणि मेक्सिकोतल्या युकातानचे सेनोते, म्हणजे छत कोसळून उघड्या पडलेल्या, पाण्यानं भरलेल्या गुहा. फ्लोरिडात पाणी गुहेतून बाहेर वाहतं. आत जाताना दम निघतो, पण परतताना तोच प्रवाह बाहेर ढकलतो. मेक्सिकोत पाणी जवळजवळ स्थिर, थोडं उबदार आणि काचेसारखं. पण फिन चुकीची हलली की गाळ उठतो, आणि प्रवाह नसल्यामुळं तो लवकर निघून जात नाही. शिवाय हजारो वर्षांत तयार झालेले चुन्याचे खांब धक्क्यानं तुटतात. माझ्या पासपोर्टवर कंपनीच्या कृपेनं अमेरिकेचा व्हिसा आहे, आणि तो चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. म्हणजे व्हिसानंही प्रश्न सोडवला नाही.

इंजिनिअर असल्यामुळं मी खर्च, तापमान, विमानाचे तास यांना मार्क दिले. ते सगळं फुकट गेलं म्हणायला हरकत नाही. कारण विचारायला पाहिजे होतं ते शीटमध्ये नव्हतंच.

फ्लोरिडाच्याच शेक एक्सली या डायव्हरनं १९७९ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. गुहेत मेलेल्यांच्या अपघातांचा त्यात अभ्यास आहे, आमच्या भाषेत पोस्टमॉर्टेम रिपोर्ट. कारणं तीच ती निघतात. बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती. परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखली नव्हती. झेपेल त्यापेक्षा खोल गेले. पुढं त्यात प्रशिक्षण नसणं आणि पुरेसे दिवे नसणं यांची भर पडली. तीन दिवे न्यायचेच. एक दिवा म्हणजे सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर, हे मला कुणी समजवायला नको. एक्सली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन इथं फार खोल उतरताना गेला. ते वाचून मी शीट दोन दिवस बंद ठेवली होती.

मग मी प्रशिक्षकांना मेल केले. एकानं लगेच उत्तर दिलं: तुझे किती डाइव्ह झालेत हे महत्त्वाचं नाही, आठवड्यात पूर्ण केव्ह डायव्हर करून पाठवतो, आगाऊ भरलेस तर सूट. तेव्हा माझे बेचाळीस डाइव्ह झाले होते. दुसऱ्या एका बाईंनी, मेक्सिकोतल्या, व्हिडिओ कॉल लावला आणि पैशांचं काढलंच नाही. पाण्यात न हलता एका जागी किती वेळ थांबतोस? तळाला न लागता मास्क काढून घालतोस? अर्ध्यातून परत फिरायला लावलं तर राग येईल? म्हणाल्या, अजून ये नको. आधी तुझ्या समुद्रात शीक. आलास तरी फक्त पहिली पायरी, कॅव्हर्न. तोंडातून येणारा उजेड दिसतो तिथवरच. पुढचं मी बघून ठरवेन.

मला जरा अपमान वाटला. पण पैसे त्यांनाच द्यायचे हे त्याच रात्री ठरलं. देश कुठला याला फारसा अर्थ उरला नाही. त्या उद्या केरळात शिकवायला लागल्या असत्या तर मी केरळात गेलो असतो.

तेव्हापासून तीन वेळा तारकर्लीला जाऊन आलो. तळाच्या वाळूवर हातभर वर तरंगत थांबायचं, वाळूचा कण उडू द्यायचा नाही. मित्र म्हणतात, हा एवढे पैसे देऊन काहीच न करायला जातो.

दिवाळीत फॉर्म भरत होतो. त्यात इमर्जन्सी कॉन्टॅक्ट लागतो. आईचं नाव घातलं, म्हणून तिला सांगणं आलं. चकल्या तळता तळता तिनं सगळं ऐकून घेतलं. तात्या सोप्यात बसले होते, त्यांनाही ऐकू गेलं असणार.

"तिथं कपार हाय का रं?" ते आतूनच म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हाय. मोठी हाय."

"आन् कासरा कुणाच्या हातात?"

"कुणाच्याच नाही तात्या. बाहेर उजेडात दगडाला बांधायचा, मग थोडं आत अजून एकदा. आणि तो धरूनच परत यायचं."

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "कपारीचं काय ते मला कुणीतरी नीट सांगा." आणि तिनं गॅस बंद केला.