टाके पडतीलच का?

नववा महिना लागला की पहिलटकरीण मला हळूच विचारते, "डॉक्टर, टाके पडतीलच का?" पडतीलच असं नाही. सरसकट छेद देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आहे. बाळाचे ठोके मंदावले किंवा चिमटा लावावा लागला, तर मात्र छेदाचा उपयोग होतो. तेव्हा मी जागा बधिर करते आणि बाळाचं डोकं टेकलं की मधल्या रेषेपासून साधारण ६० अंशांवर तिरका छेद घेते. सरळ खाली घेतलेला छेद गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटू शकतो. मग शौचावरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारा: छेद कधी देता, कसा देता? लाजू नका. तुमची संमती घेऊनच तो द्यायचा असतो.