विंडरमीअरच्या पुढे

विंडरमीअर हे नाव इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना वर्डस्वर्थच्या सरोवरप्रदेशामुळे परिचित असते. माझ्या मनात मात्र त्या नावासरशी उभे राहते ते अमेरिकेतील ओहायो राज्यातले एक रेल्वेस्थानक. क्लीव्हलँडच्या विमानतळावरून निघणारी गाडी सगळे शहर ओलांडून तिथे येते आणि थांबते. २००८ मध्ये युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवर सुरू झालेली नवी बसदेखील तिथेच संपते. पतीच्या संशोधनाच्या निमित्ताने २००६ ते २०१२ अशी सहा वर्षे आम्ही त्या शहरात, विद्यापीठाच्या जवळ भाड्याच्या घरात काढली. त्यांतली पहिली तीन वर्षे मीही विंडरमीअरलाच संपत होते.

दर ऑगस्टमध्ये भारतातून नवे विद्यार्थी येत. त्यांच्यासाठी आम्ही जुनी मंडळी एक माहितीपत्रक काढीत असू. तूरडाळ कुठे मिळते, थंडीचा कोट कधी घ्यावा, बँकेत कोणती कागदपत्रे लागतात, असे सगळे त्यात असे. शेवटची सूचना ठळक अक्षरांत : विंडरमीअरच्या पुढे जाऊ नये, रात्री तर मुळीच नाही. ते वाक्य माझे नव्हे, माझ्या आधीपासून चालत आलेले होते. पण सलग दोन वर्षे मी ते जुन्या पत्रकातून नव्यात उतरवले, आणि तोवर मी स्वतः एकदाही विंडरमीअरच्या पुढे गेलेले नव्हते. पाठचिकित्सा शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. ओळ टिकते ती नकलकाराच्या प्रामाणिकपणामुळे. तिच्या खरेखोटेपणाशी त्याला कर्तव्य नसते. अर्थात ती सूचना खोटीही नव्हती, हेही इथेच सांगून टाकते.

पुढे ईस्ट क्लीव्हलँड होते. आपल्याकडे उपनगर म्हटले की पार्ले किंवा मुलुंड डोळ्यांसमोर येते. शहराचाच एक भाग, त्याच महापालिकेच्या नळाचे पाणी पिणारा. अमेरिकेतले उपनगर ही निराळी चीज आहे. तिथे ते बहुधा स्वतंत्र नगर असते. त्याचे पोलीस वेगळे, शाळा वेगळ्या आणि मुख्य म्हणजे तिजोरी वेगळी. ईस्ट क्लीव्हलँड हे असे शहराला खेटून वसलेले, पहिल्या कड्यातले जुने उपनगर. क्षेत्रफळ जेमतेम आठ चौरस किलोमीटर. जॉन डी. रॉकफेलरची उन्हाळ्यातली इस्टेट याच बाजूच्या टेकडीवर होती, आणि जनरल इलेक्ट्रिकने विजेच्या दिव्यांच्या संशोधनासाठी १९१० च्या दशकात उभारलेला नेला पार्कही इथलाच. विसाव्या शतकाच्या आरंभी क्लीव्हलँडमध्ये विलीन होण्याचा विषय निघाला तेव्हा इथल्या मतदारांनी तो धुडकावून लावला. स्वतःची भरलेली तिजोरी दुसऱ्याच्या हाती कोण देईल?

१९६० मध्ये ही वस्ती जवळजवळ संपूर्ण गोरी होती. १९७० च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय होते. दहा वर्षांत इतके स्थित्यंतर आपोआप घडत नाही. क्लीव्हलँडमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या पुनर्विकासाच्या नावाखाली पाडल्या जात होत्या. १९६६ मध्ये तिथल्या हफ भागात मोठी दंगल झाली. घरांचे दलाल गोऱ्या कुटुंबांना ‘आता ते येणार, भाव पडणार’ अशी भीती घालून स्वस्तात घरे विकायला लावीत आणि तीच घरे ‘त्यांना’ चढ्या दराने विकीत. म्हणजे आलेल्या माणसांनी जास्त पैसे मोजून जुनी होऊ लागलेली घरे घेतली, तीही नेमकी कारखाने काढता पाय घेऊ लागले तेव्हा. १९७० मध्ये सुमारे ४० हजार असलेली लोकसंख्या २०२० मध्ये १४ हजारांच्याही खाली आली होती.

हे सगळे मी पुढे वाचले. तिकडे जाण्याचे कारण मात्र घरगुती होते.

२००९ च्या ऑगस्टमध्ये माझा चुलतभाऊ क्लीव्हलँडला शिकायला आला. ‘चुलतभाऊ’ हा शब्द मी इथे केवळ हिशेबासाठी वापरते आहे. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा काकू गेली, आणि आजीने त्याला साताऱ्याच्या घरी आमच्यात आणले. त्या घरात माणसे मोजण्याची एकच रीत होती : आज किती पाने? पानावर बसलेला कोणाचा कोण, हे आजीला कोणी विचारले असते तर तिला प्रश्नच कळला नसता. भाऊबीजेला मी त्याला ओवाळत आले ती सख्ख्या भावाच्याच शेजारी बसवून.

तो साहजिकच आमच्याकडे उतरला. तिसऱ्या आठवड्यात घरमालकाच्या कचेरीतून पत्र आले. करारनाम्यात दोघांचीच नावे आहेत. पाहुण्यास चौदा दिवसांपेक्षा अधिक राहता येणार नाही. तिसऱ्या व्यक्तीचे नाव घालावयाचे असल्यास अर्ज करावा. मी ते पत्र त्याला वाचून दाखवले. आवाजात जेवढी हतबलता हवी तेवढी होती. त्याने कागद माझ्या हातून घेतला, शेवटपर्यंत वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “ताई, मी बघतो.” चार दिवसांत त्याने खोली शोधली. हेडन अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला, विंडरमीअरच्या पुढे. भाडे आमच्या भागातल्या खोलीच्या निम्मे. पत्रकातली ठळक ओळ त्याने वाचलेली होती, आणि ती कोणी टंकली आहे हेही त्याला ठाऊक होते. तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

ऑक्टोबरात मी डबा घेऊन त्याच्याकडे गेले. स्थानकापासून पंधरा मिनिटे चालावे लागले. लाकडी दुमजली घरे, प्रत्येकाला पुढे प्रशस्त ओसरी, दोन्ही बाजूंना मोठाली झाडे. रस्ता आखणाऱ्याला माणसे इथे संध्याकाळी ओसरीवर बसतील अशी खात्री असावी. दर तीन-चार घरांमागे एकाच्या खिडक्यांवर प्लायवुड ठोकलेले. त्याच्या खोलीलगतचे घर असेच रिकामे होते. ज्या वृद्ध बाईंनी त्याला वरचा मजला दिला होता, त्यांनी मला ओसरीवर बसवून त्या घराची हकीकत सांगितली. आधी कर्जाचे हप्ते थकले आणि बँकेने घर ताब्यात घेतले. मग रात्री कोणी तरी आत शिरून तांब्याच्या नळ्या उपटून नेल्या. भंगारात तांब्याला चांगला भाव येतो. नळ्या गेल्यावर पाणी वाहत राहिले, तळघर भरले, आणि हिवाळ्यात ते गोठून पाया तडकला. आता ते घर पाडण्याच्याच लायकीचे होते. पण पाडायला पैसे लागतात, आणि ते नगराकडे नव्हते. पडीक घरामुळे यांच्या घराचा भाव उतरला. भाव उतरला की कर घटतो. कर घटला की आधी रस्त्यावरचे दिवे जातात, मग पोलिसांची गस्त. बाई हे सगळे एखाद्या जुन्या दुखण्याचा क्रम सांगावा तशा सांगत होत्या. त्यांची स्वतःची ओसरी झाडलेली होती, कुंडीत शेवंतीसारखी पिवळी फुले होती.

जानेवारीत भाऊ लुबाडला गेला. संध्याकाळी साडेसहाला, बसच्या थांब्यावर, दोन पोरांनी फोन आणि पाकीट काढून घेतले. एकाच्या हातात पिस्तूल होते. पोलीस दीड तासाने आले. मी त्याला लगेच आमच्याकडे निघून यायला सांगितले, आणि सांगताना माझ्या मनात आले : चौदा दिवस. तो आला नाही. बाईंनी त्याला त्या रात्री खालच्या मजल्यावर आपल्या बैठकीत झोपवले होते. पोरांपेक्षा त्यांचा राग विझलेल्या दिव्यावर अधिक होता. सात महिन्यांपासून त्या त्यासाठी नगरपालिकेला फोन करीत होत्या.

पुढच्या खेपेला त्यांनी मला विचारले, हा तुझा सख्खा भाऊ का? मी इंग्रजीत ‘कझिन’ म्हणाले, मग ‘ब्रदर’ म्हणाले, मग दोन्हींचा खुलासा करू लागले. त्या हसल्या. म्हणाल्या, याच गावात एका आजीला नातवंडे एकमेकांची कझिन होती म्हणून शिक्षा झाली होती. मला वाटले, म्हातारपणची काही तरी ऐकीव गोष्ट असेल. ग्रंथालयात शोधले तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालच हाती आला : मूर विरुद्ध ईस्ट क्लीव्हलँड नगर, ३१ मे १९७७.

आयनेझ मूर या आजींच्या घरात त्यांचा मुलगा, त्या मुलाचा मुलगा आणि दुसऱ्या मुलाचा मुलगा जॉन असे राहत होते. जॉन वर्षाचाही नव्हता तेव्हा त्याची आई वारली आणि तो आजीकडे आला. (ही ओळ मी दोनदा वाचली.) ईस्ट क्लीव्हलँडच्या गृहनियमानुसार घरात एकच ‘कुटुंब’ राहू शकत होते, आणि कुटुंबाच्या व्याख्येत एका मुलाची मुले बसत, दोन मुलांची मिळून बसत नसत. १९७३ मध्ये नगराने आजींना कळवले की जॉन हा बेकायदा रहिवासी आहे. त्यांनी नातवाला घराबाहेर काढले नाही. नगराने फौजदारी खटला भरला. पाच दिवसांचा तुरुंगवास आणि २५ डॉलर दंड अशी शिक्षा झाली. ओहायोच्या न्यायालयांनी ती उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. एका मताने.

न्यायमूर्ती पॉवेल यांनी नियमातली विसंगती नेमकी पकडली आहे. एकाच मुलाची डझनभर पोरे घरात असती तरी चालले असते. जॉन नको, कारण घरात आधीच त्याचा काका आणि काकाचा मुलगा होता. ब्रेनन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे : आईबाप आणि त्यांची मुले एवढेच कुटुंब हा सुखवस्तू गोऱ्या उपनगरांचा नमुना झाला, गरिबांना आणि विशेषतः कृष्णवर्णीयांना आजी-काका-आत्यांसह एकत्र राहणे हा जगण्याचा उपाय आहे.

पण मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. हा नियम राबवणारे नगर तोवर बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे झालेले होते. व्यवस्थापक आणि कारभारी मंडळही त्यांचेच होते. नगराने दिलेली कारणे दुष्टपणाची नव्हती. गर्दी होऊ नये, गाड्या वाढू नयेत, शाळांवर भार पडू नये. ज्यांनी जादा पैसे मोजून इथे घरे घेतली, त्यांना आपले उपनगर उपनगरासारखे ठेवायचे होते. आपण सोडून आलेली दाटी पाठोपाठ इथे येईल ही त्यांची भीती मला परकी वाटली नाही. ऱ्हास दाराशी आलेला दिसत होता, त्याच्या वाटेत आडवे घालायला हाताशी एक नियम होता, आणि तो नियम आजीच्या ताटापाशी बसलेल्या पोरावर जाऊन पडला. कारखाने, बँका, दलाल यांच्यावर पडेल असा नियम त्यांच्यापाशी नव्हता.

विरोधी मत देणाऱ्यांत सरन्यायाधीश बर्गर होते. त्यांचे म्हणणे वेगळेच आहे. आजींना सवलतीसाठी नगराकडे अर्ज करता आला असता. तो न करताच त्या न्यायालयात आल्या. वकिलांना हा मुद्दा तांत्रिक वाटेल. मी मात्र ग्रंथालयात त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. मलाही अर्ज करता आला असता. पत्रात तसे लिहिलेलेच होते. थोडे भाडे वाढले असते, स्वयंपाकघरात एक गादी पडली असती. आजींनी अर्ज केला नाही, कारण नातू घरात असण्याला परवानगी लागते हेच त्यांना मान्य नव्हते. मी केला नाही, कारण नकार येईल याची मला खात्री नव्हती.

हे मी भावाला कधी बोलले नाही. पतीला बोलले, ते म्हणाले, त्या वेळी तुला जमण्यासारखे नव्हते. खरे आहे. घर लहान होते.

२०११ च्या उन्हाळ्यात भावाला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. त्याच वर्षी ईस्ट क्लीव्हलँडमधले ह्युरॉन रुग्णालय बंद झाले. ओहायोत माणूस जिथे काम करतो त्या नगराला त्याच्या पगारावरचा कर मिळतो, त्यामुळे बाईंचा डॉक्टर आणि नगराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा एकदमच गेला. २०१२ मध्ये राज्याने नगरावर आर्थिक आणीबाणी जाहीर केली; १९८८ ते २००६ अशी एक त्याने आधीच भोगली होती. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला क्लीव्हलँड पोलिसांनी एका मोटारीचा पाठलाग करीत ती ईस्ट क्लीव्हलँडमधल्या एका शाळेच्या आवारात गाठली आणि १३ पोलिसांनी १३७ गोळ्या झाडल्या. मोटारीतले दोघेही निःशस्त्र होते आणि दोघेही मेले. आम्ही तेव्हा पुण्याला परतलो होतो. मोटार शहरातून आलेली, गोळ्या झाडणारेही शहराचे; पण बातमीत गावाचे नाव वाचून मला फोन करणारी जुनी मैत्रीण म्हणाली, “तरी आपण लिहीत होतो ना!” २०१६ मध्ये विलीनीकरणाचा विषय पुन्हा निघाला. या वेळी मागणी गरिबाची होती. त्याच्या अटी क्लीव्हलँडने नाकारल्या आणि विषय बारगळला. २०२० मध्ये जनरल इलेक्ट्रिकने दिव्यांचा व्यवसायही विकून टाकला. घेणाऱ्या कंपनीचे नाव सॅव्हंट. मी ते पहिल्यांदा ‘सावंत’ असे वाचले आणि क्षणभर कोकणातला कोणी तरी उद्योजक डोळ्यांसमोर आणला.

गेल्या वर्षी आमच्याच घरातल्या एका भाच्याला क्लीव्हलँडला प्रवेश मिळाला. त्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारले की खोली कुठे घ्यावी. मी मोबाईल उचलला आणि बोटांनी सवयीने ‘विंडरमीअरच्या पुढे’ एवढे लिहूनही टाकले. मग पुसले. पुन्हा काही लिहिणार तोच भावाचा संदेश आला : “एक पत्ता पाठवतो. बाई आता नाहीत, घर आहे की पाडले ते माहीत नाही. आधी दिवसा जाऊन बघ, आणि मला फोटो पाठव.”