थांबलेला नकलनवीस

जनुकाची नक्कल सुरू होणे आणि ती पूर्ण होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि पेशीचा अंकुश पुष्कळदा पहिल्या घटनेवर नसून या दोहोंमधल्या टप्प्यावर असतो, ही गोष्ट रेणवीय जीवशास्त्राच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. विषाणूंना ती फार पूर्वीच गवसली होती असे म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती आहे, कारण विषाणूला काही गवसत नसते. असंख्य पिढ्यांच्या चाळणीतून जे टिकते तेवढेच उरते. तरीही शोधांचा क्रम पाहिला, तर पेशीच्या यंत्रणेतील हा नाजूक सांधा संशोधकांना बव्हंशी विषाणूंनीच दाखवून दिला, हे मान्य करावे लागते.

डीएनएमध्ये साठवलेला मजकूर पेशी थेट वापरत नाही. जमिनीच्या नोंदींचे मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नाही, बाहेर जातो तो उतारा. तसाच हा प्रकार आहे. डीएनए केंद्रकात जागीच राहतो, त्याच्या एखाद्या भागाची नक्कल आरएनए या त्याच्याच कुळातील रेणूच्या रूपात उतरवली जाते, आणि ती नक्कल केंद्रकाबाहेर पडून प्रथिने घडवणाऱ्या रायबोझोम नावाच्या कणांपर्यंत पोहोचते. या उतरवण्याच्या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात, आणि ती करणाऱ्या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, आरएनए पॉलिमरेज असे नाव आहे; हाच पेशीतला नकलनवीस. मानवी पेशीत प्रथिनांचा आराखडा सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. यकृताची पेशी आणि चेतापेशी यांच्याजवळचे दप्तर एकच असते. कोणते उतारे कधी आणि किती निघतात, एवढ्यावरच त्यांचे वेगळेपण अवलंबून असते.

उतारा कोणाच्या हुकमाने निघतो, या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर १९६१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून फ्रान्स्वा जेकब आणि झाक मोनो यांनी दिले. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला दुधातील साखर मिळाली तरच तो ती पचवणारी विकरे बनवतो, आणि ती नसताना एक दमनकारी प्रथिन संबंधित जनुकांच्या तोंडाशी बसून पॉलिमरेजची वाट अडवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच संस्थेत आंद्रे ल्वॉफ जिवाणूच्या आत निपचित पडून राहणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करत होते, आणि विषाणूचे हे निपचित राहणेही दमनाचाच प्रकार आहे हे साम्य जेकब यांनी हेरले. या तिघांना १९६५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या प्रारूपाची मोहिनी एवढी होती, की पुढची कित्येक वर्षे नियंत्रण म्हणजे दारावरचा पहारा, असेच समीकरण होऊन बसले: पॉलिमरेज जनुकाला लागला की काम झाले, न लागला की राहिले.

या समीकरणाला पहिला धक्का दिला तो लॅम्डा या जिवाणूभक्षी विषाणूने. अवघ्या ४८,५०२ अक्षरजोड्यांचा डीएनए असलेला हा विषाणू ई. कोलायमध्ये शिरल्यावर एकतर त्याला फोडून बाहेर पडतो किंवा त्याच्या गुणसूत्रात स्वतःला गोवून घेऊन स्वस्थ राहतो. फोडण्याच्या मार्गाने जाताना जिवाणूचा पॉलिमरेज लॅम्डाच्या पहिल्यावहिल्या जनुकांची नक्कल बिनतक्रार सुरू करतो, पण थोडे अंतर जाताच वाटेत येणाऱ्या विरामखुणांपाशी डीएनए सोडून देतो. १९६९ मध्ये जेफ्री रॉबर्ट्स यांनी या थांबण्यास मदत करणारे रो हे जिवाणूचे प्रथिन शोधले, तेही लॅम्डाच्याच डीएनएवर प्रयोग करताना. विरामखुणांच्या आधी जो थोडका मजकूर उतरलेला असतो, त्यातून लॅम्डाचे एन नावाचे प्रथिन तयार होते. पुढल्या खेपेच्या नकलेत आरएनएचा एक विशिष्ट भाग दुमडून केसातल्या आकड्यासारखा झालेला असतो. एन त्याला चिकटते, जिवाणूचीच काही प्रथिने जोडीला घेते आणि पॉलिमरेजच्या अंगाला बिलगून त्याला विरामखुणा न जुमानता पुढे नेते. यात लक्षात घेण्याजोगे हे, की एन डीएनएवर बसत नाही. ते बसते नुकत्याच उमटत असलेल्या आरएनएवर, म्हणजे शाई वाळण्याआधीच्या मजकुरावर.

मानवी पेशीतील व्यवस्था याहून कितीतरी गुंतागुंतीची आहे. येथे डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती, दर गोळ्यामागे सुमारे १४७ अक्षरजोड्या या हिशेबाने, गुंडाळलेला असतो, आणि ही गुंडाळी सैल झाल्याखेरीज वाचन अशक्य असते. प्रथिनांचे आराखडे उतरवणाऱ्या पॉलिमरेजला (पेशीत मुख्य पॉलिमरेज तीन, त्यांपैकी हा दुसरा) जनुकाचा आरंभ स्वतःहून ओळखता येत नाही. प्रवर्तक म्हटल्या जाणाऱ्या डीएनएच्या भागावर काही साहाय्यक प्रथिने आधी जमावी लागतात आणि मग ती त्याला योग्य जागी बसवतात. पॉलिमरेजला एक लांब शेपटीही असते. सात अमिनो आम्लांचा एकच क्रम माणसात तिच्यावर ५२ वेळा, थोड्याफार फरकाने, येतो. या सातांपैकी पाचव्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट जोडले गेले, की पॉलिमरेज आरंभस्थान सोडून हलतो आणि नव्या आरएनएच्या टोकाला टोपी म्हणून ओळखली जाणारी रासायनिक खूण लावणारी विकरे त्या शेपटीवर येऊन बसतात. उताऱ्यावरचा शिक्काच तो. त्याच्याशिवाय रायबोझोम सहसा आरएनएची दखल घेत नाही.

आणि येथे, साधारण २० ते ६० अक्षरे उतरवून झाल्यावर, पॉलिमरेज थांबतो. १९८० च्या दशकात जॉन लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फळमाशीच्या पेशींत दिसले, की उष्णतेच्या धक्क्यानंतर लागणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावर धक्का बसण्यापूर्वीच पॉलिमरेज येऊन, थोडा मजकूर लिहून, लेखणी टेकवून बसलेला असतो. तेव्हा ही एखाददुसऱ्या जनुकाची लकब वाटली. पण २००० नंतर सगळ्या जनुकसंचाची एकत्र पाहणी करण्याची तंत्रे हाती आली आणि फळमाशी व माणूस या दोघांतही असे थांबणे हा अपवाद नसून सर्रास आढळणारा प्रकार असल्याचे स्पष्ट झाले. थांबण्यामागे प्रतिसादाची तत्परता हे कारण असावेच, शिवाय शिक्का नीट लागला की नाही हे पाहण्याची सवडही त्यातून मिळत असावी.

पॉलिमरेजला धरून ठेवणारे घटक दोन, नेल्फ आणि डीएसआयएफ. आणि सोडवणारा एक, पी-टेफ-बी. हा तिसरा घटक सीडीके-९ हे फॉस्फेट जोडणारे विकर आणि सायक्लिन टी-१ हा त्याचा जोडीदार यांचा मिळून बनतो. धरणाऱ्या दोन घटकांवर आणि शेपटीतील दुसऱ्या स्थानावरच्या सेरीनवर त्याने फॉस्फेटे जोडली, की पॉलिमरेज मार्गस्थ होतो. इतके सामर्थ्य मोकळे फिरू देणे पेशीला परवडणारे नसल्यामुळे पी-टेफ-बीचा मोठा भाग ७एसके नावाच्या एका छोट्या आरएनएने आणि हेक्सिम-१ या प्रथिनाने बांधून ठेवलेला असतो. ७एसके पेशीत मुबलक असतो आणि १९७० च्या दशकापासून माहीतही होता, परंतु त्याचे काम काय हे २००१ पर्यंत कोणाला सांगता येत नव्हते.

या लांबलचक साखळीच्या जवळजवळ प्रत्येक कडीवर कोणता ना कोणता विषाणू टपून बसलेला आहे. पोलिओचा विषाणू स्वतःचा आरएनए केंद्रकाबाहेर वाढवतो, त्याला पेशीच्या पॉलिमरेजची गरज नसते. म्हणून त्याचे प्रथिने कापणारे विकर प्रवर्तकावर प्रथम बसणाऱ्या प्रथिनालाच छेदून टाकते आणि पेशीचे प्रतिलेखन मुळापासून बंद पाडते. नागिणीच्या कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स याच्या उलट वागतो: तो व्हीपी-१६ हे चेतक प्रथिन आपल्या कणातून सोबतच आणतो आणि यजमानाच्या दोन प्रथिनांच्या मदतीने ते स्वतःच्या जनुकांपाशी बसवतो. सर्वांत धीट चोरी इन्फ्लुएन्झाची म्हणावी लागेल. त्याच्या पॉलिमरेजला टोपी बनवता येत नाही, म्हणून पाचव्या सेरीनवर फॉस्फेट असलेली शेपटी हुडकून तो पेशीच्या पॉलिमरेजला जाऊन चिकटतो, कोवळ्या आरएनएची टोपी तिच्यालगतच्या दहा-तेरा अक्षरांसह कापून घेतो आणि त्या तुकड्यापासून पुढे स्वतःचा मजकूर लिहितो. दुसऱ्याच्या उताऱ्यावरचा शिक्का कागदासकट फाडून आपल्या अर्जाला डकवावा, तसे हे आहे. ही कातरणी बोथट करणारे बॅलोक्झाविर हे औषध २०१८ मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्य झाले. ही चोरी अशी पकडता येते, कारण कातरणी विषाणूची स्वतःची आहे. जेथे विषाणू पेशीचीच हत्यारे वापरतो तेथे पंचाईत होते.

एचआयव्हीची पंचाईत याच दुसऱ्या प्रकारातली आहे. या विषाणूचा सुमारे ९,७०० अक्षरांचा आरएनए पेशीत शिरल्यावर डीएनएच्या रूपात उलटा उतरवला जातो आणि प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशीच्या गुणसूत्रात कायमचा गोवला जातो. त्यानंतर त्याचे प्रतिलेखन पेशीचा पॉलिमरेज पेशीच्याच नियमांनी करतो, आणि नियमानुसार थोडे लिहून थांबतो. १९८० च्या दशकाच्या मध्याला असे दिसले, की विषाणूचे टॅट नावाचे छोटे प्रथिन असेल तर नक्कल जोमाने होते आणि नसेल तर आखूड तुकड्यांपलीकडे विशेष काही हाती लागत नाही. टॅटची बसण्याची जागा तर आणखी चकित करणारी निघाली. प्रत्येक नकलेच्या अगदी सुरुवातीचा सुमारे ५९ अक्षरांचा भाग दुमडून टार नावाचा आकडा बनतो, आणि टॅट डीएनएवर न बसता या आकड्यावर बसते. लॅम्डाच्या एनशी असलेले साम्य संशोधकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. १९८७ मध्ये टॅटच्या कार्याचे वर्णन विरामखुणा ओलांडवणारे प्रथिन असेच केले गेले. जिवाणूतला विषाणू आणि माणसातला विषाणू यांचे परस्परांशी काही नाते नाही, तरी दोघांनीही पॉलिमरेजच्या वाटचालीतला तोच टप्पा आणि त्याला धरण्याची तीच जागा निवडावी, याला योगायोग म्हणणे अवघड आहे. उमटत्या आरएनएला पॉलिमरेज बांधलेलाच असतो. त्या दोऱ्याला धरले की पॉलिमरेज आपोआप हाती येतो.

दोरा धरून टॅट करते काय, हे मात्र १९९८ मध्ये उलगडले. कॅथरीन जोन्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की टॅट सायक्लिन टी-१ ला पकडते आणि त्याच्यामार्फत अख्खा पी-टेफ-बी टारपाशी खेचून आणते. उंदराच्या पेशीत टॅट लंगडे का पडते, हे जुने कोडेही त्याबरोबर सुटले: सायक्लिन टी-१ च्या २६१ व्या स्थानी माणसात सिस्टीन हे अमिनो आम्ल असते, तर उंदरात तेथे टायरोसीन आहे, आणि त्या एका बदलापायी टॅट व टार यांची पकड जमत नाही. पुढे हेही आढळले, की टॅट ७एसकेने बांधलेला पी-टेफ-बीसुद्धा सोडवून घेते. पहिल्या काही पूर्ण नकला कशाबशा निघाल्या, की त्यांतून टॅट बनते, टॅटमुळे अधिक नकला निघतात, आणि त्यांतून आणखी टॅट. हे चक्र एकदा फिरू लागले की पेशी थोड्याच काळात विषाणूचा कारखाना होऊन जाते.

परंतु चक्र फिरलेच नाही तर? शरीरात एकदा चेतलेल्या टी-पेशींपैकी काही पुढील प्रसंगासाठी स्मृतिपेशी म्हणून विश्रांत अवस्थेत जातात. तेथे सायक्लिन टी-१ तुटपुंजे असते, आणि विषाणूच्या प्रवर्तकाला जागे करणारे एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलेले असते. अशा पेशीत गोवलेला एचआयव्ही नाइलाजाने गप्प राहतो, आणि हे गप्प राहणेच त्याचा आसरा ठरते. जो विषाणू कोणतेही प्रथिन बनवत नाही, त्याला प्रतिकारयंत्रणा ओळखू शकत नाही, आणि जो वाढत नाही, त्याच्यावर वाढ रोखणारी औषधे निष्प्रभ असतात. दहा लाख विश्रांत पेशींमागे सुमारे एक एवढाच हा साठा असतो. पण रॉबर्ट सिलिसियानो आणि सहकाऱ्यांच्या मोजणीप्रमाणे तो निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात. दहा लाख पेशींचा साठा या गतीने आटायचा, तर ७० वर्षांहून अधिक काळ जाईल. औषध सोडले की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो, तो यातूनच.

भारतीय उपखंडाच्या दृष्टीने येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. युरोप-अमेरिकेत आढळणाऱ्या एचआयव्हीच्या बी उपप्रकाराच्या प्रवर्तकात एनएफ-कॅपा-बी बसण्याच्या जागा सामान्यतः दोन असतात. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत प्राबल्य असलेल्या सी उपप्रकारात त्या बहुधा तीन असतात. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने भारतात चार जागा असलेले वाणही पसरत असल्याचे आणि त्यांचे प्रतिलेखन अधिक जोरकस असल्याचे दाखवले. जोरकस प्रवर्तकाचा विषाणू गप्प कसा राहतो आणि कितपत सहज जागा होतो, याची उत्तरे बी उपप्रकारावरच्या प्रयोगांवरून जशीच्या तशी उचलता येणार नाहीत. सुप्त साठ्यावरचे पुष्कळसे संशोधन मात्र आजवर बी उपप्रकारावरच झालेले आहे, आणि ही उणीव लहान नव्हे.

साठा मोडण्याचे दोन परस्परविरुद्ध विचार सध्या पुढे आहेत. पहिला, विषाणूला मुद्दाम जागे करून उघड्यावर आणण्याचा: २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट हे हिस्टोनांची गुंडाळी सैल करणारे कर्करोगावरील औषध रुग्णांना देऊन विश्रांत पेशींत विषाणूचा आरएनए वाढतो असे दाखवण्यात आले, पण पुढील चाचण्यांत साठा काही लक्षणीयरीत्या घटला नाही, जागे होणे आणि मारले जाणे यांतही अंतर असते. दुसरा विचार बरोबर उलटा, टॅटलाच निकामी करून विषाणूला कायम झोपवण्याचा. पी-टेफ-बी बंद करणे हा त्याचा सोपा मार्ग दिसतो, परंतु पी-टेफ-बी पेशीच्या बहुतेक सगळ्या उताऱ्यांना लागतो, त्यामुळे विषाणूआधी पेशीच गुदमरेल. एका सागरी स्पंजातील द्रव्यावरून बनवलेले डायडिहायड्रो-कॉर्टिस्टॅटिन-ए हे संयुग टॅटला चिकटून त्याची टारवरची पकड सोडवते. प्रयोगशाळेतील पेशींत आणि मानवी पेशी रोपलेल्या उंदरांत त्याने विषाणूचे पुनरागमन लांबवले आहे. टॅटवर नेम धरणारे एकही औषध अद्याप वापरासाठी मान्य झालेले नाही.