आवाजाची ठेव

माणूस गेल्यावर त्याच्या मागे घरात काय काय राहते, याची यादी कुणीतरी एकदा करायला हवी. चष्मा राहतो, काठी राहते, कोटाच्या खिशात एसटीचे जुने तिकीट राहते, पानाच्या डब्यात वाळलेली सुपारी राहते. भिंतीवर फोटो लागतो आणि दर दिवाळीला त्याची काच पुसून हार बदलला जातो. अक्षरही राहते. वाण्याच्या हिशेबाच्या वहीत आजोबांचे वळणदार अक्षर सापडले, तर ते पान फाडायला हात धजत नाही. राहत नाही तो आवाज. आयुष्यभर ज्याने घर भरलेले असते, तोच सर्वांत आधी नाहीसा होतो. दोन वर्षांनी वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर सहज येतो. पण ते आपल्याला हाक कशी मारीत, हे आठवायला जावे, तर कान रिकामेच परत येतात.

हे झाले गेलेल्या माणसाचे. पण माणूस समोर बसलेला आहे, बुद्धी शाबूत आहे, विनोदाला हसतो आहे, आणि आवाज मात्र त्याला सोडून निघाला आहे, असेही घडते. अशा एका निघालेल्या आवाजाला दारात थोपवून धरण्याच्या खटपटीत मी गेल्या फाल्गुनापासून आहे.

आमच्या पालीत एक निवृत्त गुरुजी आहेत. नाव सांगत नाही. छापलेल्या कागदावर आपले नाव पाहिले की त्यांना संकोच वाटतो. वर्गात ते एकोणतीसचा पाढा म्हणू लागले, की तो सरसगडाच्या पायथ्यापर्यंत पोचतो, अशी गावात ख्याती होती. दीड वर्षापूर्वी त्यांचे शब्द घसरू लागले. आधी ‘र’ सैल झाला, मग ‘ळ’ बुळबुळीत झाला. कुणी म्हणाले, कवळी नीट बसत नसेल. कुणी याहून वाईट शंका घेतली आणि संध्याकाळच्या वेळी त्यांच्या जवळ जाऊन वास घेऊन पाहिला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केले : मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशी या आजारात एकेक करून झिजतात. हुकूम देणारा बहुधा जागेवरच असतो. निरोप नेणारेच नाहीसे होतात. कुणाचा आजार हातापायांपासून सुरू होतो, कुणाचा जिभेपासून आणि घशापासून. गुरुजींचा जिभेपासून सुरू झाला. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. डॉक्टरांनी तेही सांगितले आणि निघताना म्हणाले, “बोलता येतंय तोवर आवाज साठवून ठेवा.”

आवाज साठवायचा म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मग वाचत गेलो.

यंत्राच्या आवाजाने बोलणारा जगाला सर्वांत परिचित माणूस म्हणजे स्टीफन हॉकिंग. १९८५ साली जिनीव्हात त्यांना न्यूमोनिया झाला, जीव वाचवण्यासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले आणि आधीच अडखळत असलेली वाणी कायमची गेली. पुढे त्यांच्यासाठी यंत्र बोलू लागले. पण तो आवाज त्यांचा नव्हता. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत डेनिस क्लॅट नावाचे संशोधक होते. त्यांनी स्वतःच्या आवाजाच्या मापाने यंत्राचा आवाज घडवला होता. दैवाचा खेळ असा, की या क्लॅट यांनाच कर्करोगाने गाठले, त्यांचा स्वतःचा आवाज बिघडत गेला आणि १९८८ साली ते वारले. त्यांच्या मागे त्यांचा आवाज तीस वर्षे एका इंग्रज माणसाच्या खुर्चीतून अमेरिकन धाटणीने बोलत राहिला. पुढे अधिक चांगले आवाज निघाले. पण हॉकिंग यांनी तो बदलला नाही. २०१८ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत तोच त्यांचा आवाज होता.

आमच्या बल्लाळेश्वराच्या देवळात एक युरोपीय घडणीची घंटा आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर ती चिमाजी अप्पांकडून आली, असे सांगतात. घर बदलले, देव बदलला. घंटेने आवाज बदलला नाही. हॉकिंग यांचे बरोबर याच्या उलट झाले. माणूस तोच राहिला आणि आवाज परका आला. तोही त्यांनी आपलासा केला. परंतु प्रत्येकाला ते कसे जमावे? आणि आपलाच जपता येत असेल, तर परक्याचा का घ्यावा?

अमेरिकेतील चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी हाच प्रश्न विचारला. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर २००६ साली त्यांची वाचा गेली. सुदैवाने चित्रपटांवर त्यांनी केलेली भाष्ये ध्वनिमुद्रित होती. त्यांवरून एडिंबरोच्या एका कंपनीने त्यांचाच आवाज यंत्रात बांधला, आणि २०१० साली लोकांनी तो ऐकला. २०२४ साली जेनिफर वेक्स्टन या अमेरिकन लोकप्रतिनिधी मेंदूच्या आजाराने बोलेनाशा झाल्यावर, जुन्या भाषणांवरून घडवलेल्या स्वतःच्या आवाजात सभागृहात बोलल्या. पण समीक्षक आणि पुढारी यांची गोष्ट वेगळी. त्यांचे बोलणे मुद्रित करणारे पगारी लोक असतात. चाळीस वर्षे शिकवलेल्या शाळामास्तराचे एक वाक्यही कुठे जमा नसते. त्याने वेळेवर ठेव ठेवावी लागते. अमेरिकेत डेलावेअर राज्यात ‘मॉडेलटॉकर’ नावाचा उपक्रम निघाला, तेव्हा अशा ठेवीसाठी सुमारे सोळाशे वाक्ये वाचून द्यावी लागत. २०२३ साली ॲपल कंपनीने फोनमध्येच सोय आणली, तेव्हा दीडशे वाक्ये आणि पाव तास पुरू लागला; मात्र ती सुरुवातीला इंग्रजीपुरतीच होती. ठेवीचा नियम तेवढा पोस्टातल्यासारखाच आहे : कमावता आहात तोवर भरा. आवाज घसरल्यावर भरलात, तर यंत्रही घसरलेलाच परत देते.

गुरुजींच्या ठाण्याच्या मुलाने वाक्यांची यादी धाडली. आम्ही माजघरात दारांना गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही, आणि फोन पाटावर ठेवला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. “जिवंत माणसाचे दिवस घालताय का?” एवढेच आतून ऐकू आले.

त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. आपल्या घरांत विम्याचा कागददेखील माणूस बाहेर गेलेला पाहून चाळतात. उद्या काय हरपणार हे आजच मोजायला बसणे म्हणजे त्याला आमंत्रणच, अशी आपली समजूत. पण यादीतील वाक्ये आत ऐकू जात होती. ‘कृपया मला पाणी द्या.’ ‘खिडकी बंद करावी.’ ‘मी आपला आभारी आहे.’ पाचव्या-सहाव्या वाक्याला वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या.

“हे कोण बोलतंय?” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षांत ह्यांनी मला कधी ‘कृपया’ म्हटलं नाही. आता यंत्रातून म्हणाले तर मला वाटेल, कुणी पाहुणा आलाय.”

“मग काय म्हणतात?” मी विचारले.

“‘पाणी आण गं जरा.’ तेही अर्धं ओटीवरून नि अर्धं आत येऊन.”

त्या दिवसापासून वही वहिनींच्या हाती गेली. मुलाची यादी बाजूला पडली. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील जॉन कॉस्टेलो हे वाचातज्ज्ञ अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत, हे मला मागाहून कळले. यंत्राला आवाज शिकवणे ही एक गोष्ट आणि माणसाचे खास बोल, त्याच्याच सुरात, जसेच्या तसे साठवणे ही दुसरी. पहिल्याने उद्या काहीही नवे बोलता येते. दुसऱ्याने तोच माणूस बोलतो. वहिनींनी बॉस्टन पाहिलेले नाही. संसार मात्र केलेला आहे.

त्यांच्या वहीत ‘बरं’ हा एक शब्द सहा वेळा आहे. मान्य असलेले बरं. मान्य नसलेले बरं. ‘पुढे सांग’ म्हणणारे. ‘पुरे कर’ म्हणणारे. मुलाने गुण कमी आणल्यावरचे लांबट बरं. आणि रात्री दिवा मालवताना, दिवसभराचे भांडण मिटल्याचे सांगणारे अगदी हळू बरं. हे सहावे मुद्रित करताना मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

फोनवर मराठी वाचून दाखवणारे एक यंत्रही आम्ही परीक्षेला बसवले. ‘पाणी आण गं जरा’ हे वाक्य त्याला दिले. मराठीत ‘ज’ दोन तऱ्हांनी उच्चारतात, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ‘थोडे’ या अर्थाच्या ‘जरा’तला ‘ज’ दातांना चाटून जातो. म्हातारपण या अर्थाच्या संस्कृत ‘जरा’तला टाळूला लागतो. यंत्राने दुसरा उच्चारला. गुरुजींना इतके हसू आले, की ठसका लागला. मग पाटीवर लिहून त्यांनी माझ्यापुढे धरले : ‘पाणी मागितले, म्हातारपण आले!’ पुढे दुसऱ्या एका यंत्राने तोच ‘जरा’ नीट म्हटला. यंत्रे शिकतात. आमच्यापाशी त्यांच्याइतका वेळ नव्हता, एवढेच.

श्रावणात हे फार जाणवले. पावसाने पडवीच्या पत्र्यावर ताशा धरला, की मुद्रण बंद. चार चार दिवस उघडीप नाही. इकडे आठवड्याला एकेक अक्षर निसटत होते. आम्ही फोन हाती घेऊन पत्र्याकडे पाहत बसायचो. सर थांबली की गुरुजी घाईने दोन वाक्ये म्हणायचे आणि दमायचे. एका संध्याकाळी ‘बल्लाळेश्वर’ हा शब्द राहिला आहे, असे वहिनींच्या ध्यानात आले. गुरुजींनी पाच वेळा प्रयत्न केला. ‘ळ’ येईना. ज्या गावी जन्म काढला, त्या गावच्या देवाचे नाव तोंडात बसेना. ते उठून आत गेले.

मी फोन चाळत बसलो. फाल्गुनातल्या पहिल्या दिवशी, यंत्र चालते का हे पाहण्यासाठी, गुरुजींनी फळ्याच्या माथ्यावर लिहावे तसे काही म्हटले होते. असले तुकडे पुसून टाकायचे असतात. तो मी तसाच राहू दिला होता. लावला. ‘श्री बल्लाळेश्वर प्रसन्न.’ दोन्ही ‘ल’ आणि तो एक ‘ळ’, तिन्ही खणखणीत. आतून गुरुजी दारापर्यंत आले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले.

गणेशपुराणातील आमच्या गावची कथा बहुतेकांना ठाऊक असेल. बल्लाळ नावाच्या मुलाला देवाच्या नादापायी बापाने झोडपले आणि रानात झाडाला बांधले. हात बांधलेले, पाय बांधलेले. उरली ती हाक. ती मारल्यावर गणपती आला आणि पोराचेच नाव घेऊन इथे राहिला. अंगाचे सारे बळ गेले, तरी हाक असते, या भरवशावर आमचे गाव वसलेले आहे. हाकच जायची वेळ आली, तर काय करावे, हे मात्र कथेत नाही.

या ठेवीला चोरांचे भयही आहे. कुणाचाही आवाज उचलून त्याच्या तोंडी हवे ते घालणारी यंत्रे आता बाजारात आहेत. गायक अरिजित सिंग यांना २०२४ साली आणि आशा भोसले यांना २०२५ साली आपल्या आवाजाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने दोघांचेही म्हणणे उचलून धरले. पालीच्या मास्तरांचा आवाज कोण चोरणार, असे मी म्हणालो. गुरुजींनी मान हलवली आणि पाटी घेतली. त्यांना चोराची चिंता नव्हती, आमची होती. त्यांनी लिहिले : ‘मी आहे तोवर यंत्राने माझ्या आवाजात नवे बोलावे, कारण ते मी सांगेन. मी नसताना नवे वाक्य एकही नको. जे मी म्हटले तेवढेच.’ खाली सही केली, तारीख घातली आणि पाटी पुसली जाईल म्हणून वहिनींकडून ते वहीत उतरवून घेतले.

मला वाटते, मृत्युपत्रात घरजमिनीच्या वाटण्यांशेजारी हे एक कलम आता सर्वांनीच घालावे. आणि ठेव ठेवायला आजाराची वाट कशाला पाहावी? दिवाळीत घर भरलेले असते. वडीलधाऱ्यांसमोर फोन धरून “काहीतरी बोला” म्हणू नये. कुणीही बोलत नाही, सगळे खाकरतात. त्यांना कुणाला तरी हाक मारायला लावावे, चकली बिघडल्याबद्दल रागावू द्यावे, लहानपणच्या पावसाची गोष्ट विचारावी, आणि फोन फराळाच्या ताटाआड गुपचूप नव्हे, सांगूनसवरून ठेवावा.

गुरुजींच्या वहीत आज तीनशे बारा बोल आहेत. शेवटचा नातीच्या हट्टापायी आश्विनाच्या आरंभी घेतला. नरकचतुर्दशीच्या पहाटे सबंध आळीला जाग आणणारी ती त्यांची दरसालची हाक : ‘उठा रे, पाणी तापलंय!’ ‘र’ नीट आला नाही, पण नात म्हणाली, चालेल. यंदा पहाटे ते बटण कोणी दाबायचे, यावरून नातवंडांत फोनवर आतापासून भांडण लागले आहे. गुरुजींनी पाटीवर निकाल लिहून तिचा फोटो धाडायला लावला : ‘मीच दाबणार.’