जमिनीवर पडलेली अंगठी

नाशिक

चि. सई,


कुटुंबाच्या ग्रुपवर तू कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीकहून दिसणाऱ्या माउंट डायब्लोचा फोटो टाकलास, आणि त्यावर दादाने आणि मी जे काय लिहिलं ते तुला काही उमगलं नाही. एका डोंगराचं नाव वाचून बाबा आणि आत्या इतके का हरखले, हा तुझा पहिला प्रश्न. राक्षस मारायचे आणि खाली काय पडतं ते बघायचं, हा शेवटी जुगारच नाही का, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या लाडक्या गेमला नाव मिळालं ते त्याच डोंगरावरून. डेव्हिड ब्रेव्हिक नावाचा प्रोग्रामर त्याच्या पायथ्याशी राहायचा आणि ते नाव त्याच्या मनात घर करून राहिलं. पुढे एरिक आणि मॅक्स शेफर या भावांबरोबर त्याने रेडवुड सिटीत काँडोर ही छोटी कंपनी काढली. 1996 मध्ये ब्लिझर्ड या गेम कंपनीने ती विकत घेतली, तिचं नाव ब्लिझर्ड नॉर्थ झालं आणि वर्ष संपता संपता 'डायब्लो' आला.

पण राक्षस मारून मिळणाऱ्या लुटीची मुळं त्याहून जुनी आहेत, आणि तीही तुझ्याच मुलखात. सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 1980 च्या सुमारास 'रोग' नावाचा गेम लिहिला. त्यात चित्रं नव्हती, राक्षस म्हणजे पडद्यावरची रोमन अक्षरं. तळघराचा नकाशा दरवेळी नवा. सापडलेल्या कुप्यांचा फक्त रंग दिसायचा. निळी कुपी प्यायली की जखम भरेल की डोळ्यांपुढे अंधारी येईल, हे प्यायल्यावरच कळायचं आणि पुढच्या डावात रंगांचे अर्थ बदललेले असायचे. त्याच वळणाचा 'मोरिया' 1983 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात लिहिला गेला आणि त्यातून 1990 मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात 'अँगबँड' निघाला. ब्रेव्हिकने कॉलेजात हे गेम मनसोक्त खेळले होते. 'डायब्लो'ही आधी त्यांच्यासारखाच आळीपाळीने खेळायचा होता, तुम्ही एक पाऊल टाकायचं, मग राक्षसाने. ब्लिझर्डच्या लोकांनी आग्रह धरला की हा सलग चालला पाहिजे. ब्रेव्हिकचा त्याला विरोध होता, पण शेवटी त्यानेच एका दुपारी बसून तो बदल करून टाकला. माउसचं बटण दाबल्याबरोबर सांगाडा कोसळला आणि त्याचं मत तिथेच बदललं. अनोळखी वस्तूची उत्सुकता 'रोग'पासून होतीच. आता दर काही सेकंदांनी काहीतरी पडू लागलं.

आम्ही मात्र खरे रमलो ते 2000 सालच्या 'डायब्लो 2'मध्ये. तू जिला जुगार म्हणतेस ती गोष्ट त्यात कशी घडवली आहे ते बघ. राक्षस मेला की त्याच्याकडून पडू शकणाऱ्या वस्तूंची यादी गेम उघडतो. कित्येकदा काहीच पडत नाही. पडलं तर आधी ठरतं की वस्तू कोणती, तलवार की शिरस्त्राण. मग तिचा दर्जा एका ठरलेल्या क्रमाने तपासला जातो : आधी युनिक, मग सेट, मग रेअर, मग मॅजिक. युनिकचं नाव सोनेरी, सेटचं हिरवं, रेअरचं पिवळं, मॅजिकचं निळं. मॅजिक वस्तूला फार तर दोन गुण, रेअरला सहापर्यंत. ते गुण वस्तू ओळखण्याच्या गुंडाळीने उलगडावे लागतात. तोवर फक्त नाव आणि रंग दिसतो. अंगठी पडली की बारीक टिंग असा आवाज येतो. त्या आवाजाला दादा आजही दुसऱ्या खोलीतून ओ देतो!

इथपर्यंत तुझं म्हणणं खरं आहे. बक्षीस कधी मिळेल हे कळत नसेल तर हात थांबत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने 1950 च्या दशकात कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. ती ओढ या गेममध्ये आहे आणि ती मी नाकारत नाही. पण जुगारात पत्ता उघडला की काम संपतं, इथे ते वस्तू उघडल्यावर सुरू होतं.

माझी चेटकीण घे. मंत्र फेकण्याचा तिचा वेग टक्क्यांत मोजतात, पण तो टक्क्या-टक्क्याने वाढत नाही. तिच्या बहुतेक मंत्रांना 63 टक्क्यांना एक पायरी आहे, पुढची थेट 105 ला. मधल्या सगळ्या टक्क्यांचा उपयोग शून्य. समजा, तुला 10 टक्के वेग देणारी अंगठी सापडली. तुझ्या अंगावरच्या वस्तूंची बेरीज 95 असेल तर ती अंगठी म्हणजे पर्वणी. बेरीज 70 असेल तर ती तुला काहीच देत नाही, उलट तिच्यासाठी काढलेल्या अंगठीतलं आयुष्य किंवा आगीपासूनचं संरक्षण मात्र जातं. अंगठी तीच, पण एकीसाठी ठेवा आणि दुसरीसाठी ओझं. त्यात पिशवी चाळीस चौकोनांची. चिलखत सहा चौकोन अडवतं, अंगठी एक. चांगल्या वस्तू पडण्याची शक्यता वाढवणारा 'मॅजिक फाइंड' हा गुणही वस्तूंवरच असतो. तो अंगावर चढवावा तर लढण्याची ताकद कमी होते, आणि तो जितका वाढवत न्यावा तितका युनिकसाठी त्याचा फायदा आखडत जातो. काय उचलायचं, काय तिथेच सोडायचं आणि कशासाठी काय गमवायचं, हे प्रत्येक खोलीत ठरवावं लागतं. मी या गेमवर प्रेम करते ते या ठरवण्यासाठी. निवडलेले तांदूळ शिजायला टाकताना जे समाधान असतं, तेच मला पिशवी आवरताना मिळतं.

दुसरी गोष्ट माणसांची. घरी संगणक एक आणि खेळणारे दोघे. दादाचा बार्बेरियन, माझी चेटकीण. मला सुरेख कुऱ्हाड सापडायची आणि ती त्याला देता येत नसे, कारण दोघांची वस्तू साठवायची पेटी एक नव्हती. मग आम्ही आमच्या सेव्ह केलेल्या फाइली फ्लॉपीवर घ्यायचो, कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत शेजारशेजारचे दोन संगणक पकडायचो आणि लॅनवर एकाच गेममध्ये शिरायचो. मी कुऱ्हाड जमिनीवर टाकायची, त्याने उचलायची. एवढ्यासाठी तासाचे पैसे मोजायचो! दादाने मला दिलेली पहिली चांगली काठी मी कधीच विकली नाही.

इंटरनेटवर खेळणाऱ्यांत तर पुरता बाजार उभा राहिला. गेममधलं सोनं जवळ बाळगायला मर्यादा होती आणि त्याने घेण्यासारखंही फारसं काही नव्हतं. म्हणून 'स्टोन ऑफ जॉर्डन' ही अंगठी लोकांनी आपणहून चलन म्हणून धरली. ती एकच चौकोन अडवते, सगळी कौशल्यं एकने वाढवते आणि कोणत्याही पात्राला चालते. पुढे तिच्या खोट्या नकलांचा पूर आला आणि तिचा भाव कोसळला.

आणि मग 2012 मध्ये 'डायब्लो 3' आला. कंपनीने गेममध्येच लिलावघर उघडलं, आणि त्याच्या एका दालनात व्यवहार खऱ्या पैशांत, एका वस्तूला 250 डॉलरपर्यंत. चोरट्या सौद्यांत लोक फसत होते, त्यावर हा उपाय, असा विचार. पण झालं काय, तर राक्षस मारून हाती येईल त्याहून सरस वस्तू लिलावात दोन मिनिटांत मिळू लागली. सापडलेल्या वस्तूकडे बघताना मनात पहिला प्रश्न यायचा तो हिची किंमत किती येईल हा. दादाने तो गेम महिन्याभरात सोडला. मीही सोडला. शेवटी कंपनीनेच मान्य केलं की लिलावघरामुळे गेमचा गाभा पोखरला जातोय, आणि 18 मार्च 2014 ला ते बंद केलं. त्याच सुमारास लुटीची रचनाही बदलली : वस्तू कमी पडतील, पण तुमच्या पात्राच्या कामाच्या पडतील. तेव्हा कुठे तो खेळण्याजोगा झाला.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. जिथे आत काय आहे ते न कळणारी पेटी उघडायलाच पैसे मोजावे लागतात, तो जुगार. बेल्जियमच्या नियामकाने 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगारच ठरवलं, आणि 2022 चा मोबाइलवरचा 'डायब्लो इम्मॉर्टल' त्या देशात आलाच नाही. तो नावाने आमच्याच घराण्यातला, पण त्यात मी एक पैसाही घालणार नाही आणि तूही घालू नकोस. 'डायब्लो 2' एकदा विकत घेतला की त्यापुढे त्याने आमच्याकडे मागितला तो फक्त वेळ आणि विचार.

2021 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, 'रिझरेक्टेड'. चित्रं नवी, आत गेम तोच. आणि आता आपल्या सगळ्या पात्रांना सामायिक अशी पेटी त्यात आहे. दादाने आणि मी ती घेतली आहे. तूही घे. तुझ्याकडे शनिवारी सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ, झालेले असतात, आम्ही दोघेही मोकळे असतो. पात्र हवं ते निवड. फक्त पहिल्या अंकात ट्रिस्ट्रम गावात जाऊन डेकार्ड केन या म्हाताऱ्याला आधी सोडव, म्हणजे पुढे तो तुझ्या वस्तू फुकट ओळखून देईल.

तुझी,
आत्या