आंबवणीचं पाणी

मी पडलो तो मोसंबीच्या ढिगावर पडलो, म्हणून डोकं शाबूत राहिलं.

१ एप्रिल २०२४, सोमवार. पाचोडच्या मोसंबी मार्केटात हर्राशी आमच्या रांगेपर्यंत यायला थोडाच वेळ होता. मृग बहाराची शेवटची तोडणी, माल जेमतेम दीड टन. ढिगाच्या कडेला उकिडवा बसून मी बारकी आणि डागी फळं बाजूला काढत होतो. ‘आले, आले’ असा गलका झाला, व्यापाऱ्यांचा घोळका आमच्याकडं वळला, तसा मी झटकन उठलो.

आधी आवाज गेला. भाव पुकारणाऱ्याचं तोंड हलताना दिसत होतं, पण ऐकू काही येत नव्हतं. मग कडेकडेनं काळं दाटत आलं. पिवळा-हिरवा ढीग तेवढा मधोमध उरला, तोही लहान लहान होत गेला. मानेवरून गार घाम खाली ओघळला. यापुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं.

शुद्धीवर आलो तेव्हा भोवती पंधरा-वीस माणसं. एकजण नाकाला कांदा लावत होता. एकजण म्हणत होता, “शुगर वाढली असंल.” दुसऱ्याचं म्हणणं, “वाढली नाही, उतरली.” तिसऱ्यानं माझी दृष्टही काढली होती. तेवढ्यात एका हमाल पोरानं कुणाला न विचारता रिकामं कॅरेट ओढलं, पालथं घातलं आणि माझे दोन्ही पाय उचलून त्यावर ठेवले. “मामा, उठायचं नाही आता,” म्हणाला, “पडून राहायचं.” दोन मिनिटांत माझ्या कानात बाजार परत आला. एवढ्या जाणत्या माणसांत खरा इलाज त्या पोराला माहीत होता.

मला सगळ्यात जास्त वाटली ती लाज. कारण आदल्याच दिवशी मी पाचोडहून पैठणला चालत गेलो होतो, तीसेक किलोमीटर. वाटेत कुठं ठेचही लागली नव्हती. काल ज्याला काही झालं नाही, तो आज गावच्या बाजारात उभ्या उभ्या कसा कोसळतो?

त्या वर्षी नाथषष्ठी ३१ मार्चला, रविवारी आली होती. एकनाथ महाराजांनी १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला देह ठेवला, त्या तिथीला आमच्या भागातून गावोगावच्या दिंड्या पैठणची वाट धरतात. आमची काही वीणेकऱ्याची, पताकांची दिंडी नव्हती. चुलतभाऊ, शेजारचे दोघं आणि मी, असे चौघं. वय चोपन्न, बीपीची गोळी सहा वर्षांपासून, आणि चालण्याचा सराव म्हणाल तर घर ते बाग, बाग ते घर.

रात्री दोनला निघालो. दावरवाडीला अंधारातच चहा घेतला. तोवर गारवा होता, पाय आपोआप पडत होते. आठनंतर ऊन चढलं आणि डांबरी रस्ता खालूनही भाजायला लागला. वाटेत लोक हात जोडून बोलावतात, केळी देतात, खिचडी देतात. मी पुढं सरकत राहिलो, कारण माझं मत असं की चालताना पोट हलकं बरं. पाणी मात्र एकाही ठिकाणी सोडलं नाही. पाणपोई दिसली की तांब्या, पुढची दिसली की तांब्या. सदरा पाठीवर भिजायचा, वाळायचा, पुन्हा भिजायचा. दुपारी पैठणला पोचून सावलीत टेकलो तेव्हा पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले चुलतभावानं दाखवले. आम्ही हसलो. अंगातून काय गेलं ते त्या सदऱ्यावर लिहिलेलं होतं, पण वाचलं कुणी नाही.

मग दर्शनाची रांग, चार तास. गावातल्या नाथमंदिरात तो रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपात देवानं नाथांच्या घरी कावडीनं पाणी वाहिलं ते याच रांजणात, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेपासून त्यात पाणी घालायला सुरुवात होते आणि षष्ठीपर्यंत तो भरतो. गर्दीत मला रांजणाचा काठ तेवढा दिसला. तिथून नदीकाठच्या समाधी मंदिरात गेलो आणि रात्री जीपनं परत. घरी यायला दहा वाजले. मंडळींनी भाकरी वाढली होती. चतकोर खाल्ली, भूकच नव्हती. पुन्हा तांब्याभर पाणी प्यालो आणि आडवा झालो.

सोमवारी पहाटे उठलो तर पायांची लाकडं झालेली. पोटऱ्या दाबल्या तरी कळ यायची. संडासातून उठताना क्षणभर भिंत धरावी लागली. शरीरानं दिलेली ती पहिली नोटीस होती. मी ती फाडून टाकली. चहा घेतला, त्यावर रोजची बीपीची गोळी, त्यावर पाय दुखतात म्हणून दुखण्याची एक गोळी, आणि उपाशीपोटी मार्केटला गेलो.

बाजारातून मला दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. “काका, घर फिरलं का डोळ्यांपुढं अंधारी आली?”

चक्कर ती चक्कर, त्यात काय विचारायचं, असं मला वाटलं होतं. पण आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत ते उगीच नाहीत. भोवळ वेगळी, अंधारी वेगळी. अंथरुणात कूस बदलली तरी छत गरगरा फिरतं, तेव्हा दोष बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असतो. उभं राहिलं की काळं येतं आणि आडवं झालं की जातं, तेव्हा डोक्याला रक्त कमी पोचत असतं. माझी अंधारी होती.

पुढचे प्रश्न भराभर आले. छातीत दुखलं का? धडधड झाली का? बोलताना जीभ जड झाली का? उलटी? शौचाला काळं झालं का? लघवीचा रंग कसा होता, पिवळा का काळ्या चहासारखा? हा शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला. त्याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. सवय नसताना अति श्रम झाले की स्नायू आतून तुटतात, त्यातला रंग लघवीत उतरतो आणि किडनी अडचणीत येते. अशा वेळी घरी थांबायचं नसतं. माझी लघवी गडद होती, पण पिवळीच.

ईसीजी काढला, तो नीट होता. बोटाला टोचून साखर पाहिली, ९२. म्हणजे बाजारातले दोन्ही वैद्य हरले. मग पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, ११८ वर ७६. “आता हळूच उभे राहा,” म्हणाले आणि मिनिटभरानं पुन्हा पट्टा फुगवला. ८८ वर ६०. नाडी ११२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला तर तो दोष धरतात. माझा वरचा तीसनं उतरला होता.

“पण मी तर काल चाललो,” मी म्हणालो. “आज काय केलं?”

“आज काही केलं नाही, म्हणूनच,” डॉक्टर म्हणाले. चालत असतो तोवर पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलत असतात. मोठ्या श्रमानंतर पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी नेहमीपेक्षा खाली येतं, आणि हा उतार काही तास, कधी कधी जवळजवळ दिवसभर राहू शकतो. तशात घामानं पाणी आणि मीठ गेलेलं, पोटात अन्न नाही. वर माझ्या बीपीच्या गोळीत लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं औषधही होतं, हे मला सहा वर्षांत कधी कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. आधीच आटलेल्या विहिरीवर मी सकाळी मोटार लावली होती. दुखण्याच्या गोळीबद्दलही बोलणी खाल्ली. अंगात पाणी कमी असताना ती किडनीला जड जाते.

“पाणी मात्र मी भरपूर प्यालो,” मी शेवटचा मुद्दा काढला.

“मीठ?”

मी गप्प.

रक्त तपासलं तर सोडियम १३१. ते १३५ च्या खाली नको. घामात पाणी जातं तसं मीठही जातं, आणि आपण भरपाई निव्वळ पाण्यानं करत गेलो की उरलेलं मीठ पातळ होत जातं. मला वाटलं, ही आमच्यासारख्या अडाण्यांची चूक असेल. नंतर वाचलं की २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचं रक्त शर्यतीनंतर तपासलं होतं, तेव्हा त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. घड्याळ लावून पळणारी, सराव केलेली माणसं ती. जास्त पाणी पिऊन शर्यतीत वजन वाढलेल्यांत हा धोका मोठा होता. फार खाली गेलं तर माणूस बरळतो, झटके येतात, जीवही जातो. माझं थोडक्यात निभावलं.

त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या खिडकीतून बाग दिसत होती, आणि मला माझंच हसू आलं. कारण ताण म्हणजे काय हे पाचोडच्या मोसंबीवाल्याला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही.

आंबिया बहार धरायचा तर आम्ही थंडीत झाडाचं पाणी तोडतो. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. नवख्याला वाटतं झाड गेलं. मग ताण सोडायचा. इथं खरी अक्कल लागते. तहानलंय म्हणून एकदम रपारप पाणी सोडायचं नसतं. पहिलं पाणी हलकं, त्याला आंबवणी म्हणतात. त्यानंतर काही दिवसांनी दुसरं, ते चिंबवणीचं. त्यापुढं नेहमीच्या पाळ्या. आणि नुसतं पाणी नाही, बरोबर खतही. माझे वडील आंबवणीच्या दिवशी बागेत दुसऱ्या कुणाला दारं धरू देत नसत. ताण सोसलेलं झाड ताणात मरत नाही, ताण सोडताना बिघडतं, असं ते सांगायचे. २०१२ च्या दुष्काळात विकतच्या टँकरवर आम्ही बाग जगवली, तेव्हाही झाडाला मापानं पाणी दिलं. स्वतःच्या देहाला मात्र मी दिवसभर ताण दिला, वरून तांब्यांनी पाणी ओतलं, खत दिलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळाची अपेक्षा केली.

पुढचे दोन दिवस माझी आंबवणी चालली. मंडळींनी ओआरएसचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवायला घेतलं होतं. नर्सबाईंनी हात धरला. मोठं पाकीट पुऱ्या लिटरभर पाण्यात, ग्लासात नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. घोट घोट करत प्यायचं. जोडीला मऊ भात, वरण, मीठ घातलेलं ताक. बीपीची गोळी डॉक्टरांनी त्यांच्या हिशेबानं थांबवली आणि आठवड्यानं बदलून दिली. “स्वतःच्या मनानं बंद करायची नाही,” हे मात्र तीनदा बजावलं. उठताना आधी कुशीवर, मग काठावर बसून पाय हलवायचे, मग उभं राहायचं. मंडळी दारातून पाहायच्या आणि म्हणायच्या, “अहो, नवरदेवासारखं काय बसलाय?” तिसऱ्या दिवशी आकडे जाग्यावर आले. चौथ्या दिवशी बागेत गेलो.

चालायला जाणाऱ्या गाववाल्यांना मी आता एवढंच सांगतो. आपण तयारी करतो ती चालायच्या दिवसाची. चपला बघतो, बॅटरी घेतो. पण वाट त्या दिवशी संपत नाही. दुसरा दिवसही वाटेचाच असतो, फक्त तो आपण घरी चालतो. त्या दिवशी सुट्टी ठेवा. बाजार, लग्न, मोटारसायकल, विहिरीत उतरणं, काही नको. गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. वाटेत कुणी खिचडी दिली तर खा, तिच्यातलं मीठ तुमच्यासाठीच असतं.

२०२५ ला षष्ठी २० मार्चला आली. मी पुन्हा चाललो. महिनाभर आधीपासून रोज पहाटे थोडं थोडं अंतर वाढवत नेलं. वाटेत केळी खाल्ली, खिचडी खाल्ली, पिशवीत ओआरएस होतं. पैठणला पोचल्यावर चुलतभावानं माझ्या पाठीवरचे नकाशे पुन्हा दाखवले. या वेळी मी ते वाचले आणि बाटली काढली.

दुसऱ्या दिवशी तोडणीचा माल मार्केटला गेला, मी गेलो नाही. पोरगा गेला. संध्याकाळी पट्टी घेऊन आला आणि म्हणाला, “तो हमाल विचारत होता, मामा कुठं दिसंनात? त्यानं कॅरेट बाजूला काढून ठेवलं होतं म्हणे.”