हे तुम्हाला शोभत नाही

आवडत्या लेखकाने आपल्याला न विचारता काही केलं, की वाचक म्हणून आपला चेहरा कसा होतो हे एकदा पाहण्यासारखं असतं. वर्षानुवर्षं ज्याची पुस्तकं उशाशी ठेवली, त्याने भलतंच काही बोलावं, नको त्या मंचावर जावं, किंवा जायला हवं होतं तिथे नेमकं जाऊ नये, की आपण लगेच दुखावतो. त्याची आपली ओळखदेख नसते. त्याने आपल्याला कसलाही शब्द दिलेला नसतो. तरी ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असतं आणि घरातल्या थोरल्या मुलाला सुनवावं तसं आपण ते सुनावतो.

माणगाव तालुक्यात राहून हा विषय डोक्यात आला, की साने गुरुजींना वळसा घालून पुढे जाता येत नाही. गोरेगावजवळ वडघरला त्यांचं राष्ट्रीय स्मारक आहे. मुलांची, तरुणांची शिबिरं तिथे भरतात. इकडे महाड ओलांडून दापोलीच्या अंगाला वळलं की पालगड येतं. 24 डिसेंबर 1899 ला गुरुजी तिथे जन्मले. ‘श्यामची आई’तलं घर, विहीर, सावकाराचा तगादा हे आम्हा कोकणातल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे गुरुजी आम्हाला लेखक कमी आणि घरचे जास्त. आणि घरच्या माणसाने कसं वागावं हे तर आपण ठरवूनच टाकलेलं असतं.

तालुक्यातल्या एका शाळेत त्यांच्या जयंतीला गेलो होतो. फोटोला झेंडूचा हार, समोर उदबत्ती, प्रार्थना, मग सहावीतल्या एका मुलाने तळव्यांची गोष्ट सांगितली. अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून आईचा पदर मागणारा श्याम, आणि पायांइतकंच मनालाही जपायला सांगणारी आई. पोराने गोष्ट छान रंगवली. टाळ्या झाल्या. जागेवर बसायच्या आधी त्याने सहज विचारलं, “सर, गुरुजी कशाने गेले?” सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, हातातला कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “फार हळवे होते रे ते.” मग लगोलग पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

सर खोटं बोलले नव्हते. बारा वर्षांच्या मुलाला भर कार्यक्रमात याहून जास्त काय सांगणार? पण हेच उत्तर मोठी माणसं एकमेकांनाही देत आली आहेत, त्याचं काय करायचं?

11 जून 1950 रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. ज्याच्या गोष्टी ऐकून घराघरात मुलं वाढत होती, त्याच्याकडून हे कुणाच्याच मनात नव्हतं. वाचकांना तो धक्का पचवायला कारण हवं होतं. स्वराज्य मिळूनही देशाची दशा पाहून ते खचले, असं कुणी म्हणालं. गांधीजींच्या खुनानंतर ते सावरलेच नाहीत, असं कुणी म्हणालं. या साऱ्यांत थोडंफार तथ्य असेलही. पण माणसाच्या मनाची अशी वेदना एका कारणाच्या खुंटीला टांगता येत नाही. ती वेळीच ओळखून मदत मिळायला हवी, हे आज आपण निदान बोलतो तरी. तेव्हा ती भाषाच नव्हती. मग जे सगळ्यांना सोयीचं होतं ते झालं. ‘हळवे’ हा शब्द मरणाला लावला गेला आणि तिथून मागे जात सबंध आयुष्याला चिकटला.

आता ते आयुष्य पाहा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी 1930 मध्ये सोडून सत्याग्रहात उडी. धुळे, नाशिक, पार तिरुचिरापल्लीपर्यंतचे तुरुंग. ‘पत्री’ हा कवितासंग्रह इंग्रज सरकारला इतका झोंबला, की तो जप्त झाला. खानदेशात गिरणी कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या लढ्यात पुढे, 1942 मध्ये भूमिगत. नुसत्या हळवेपणावर एवढं होत नाही. आणि ज्या पुस्तकावर आपण डोळे पुसतो, ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलेलं. त्यातली आई तरी आपण नीट वाचली आहे का? पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला शिंपटीने फोडून काढत विहिरीवर पाठवणारी बाई आहे ती. आपल्या आठवणीत मात्र तिचा पदर तेवढा उरला. 1953 मध्ये या पुस्तकावरचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि त्यातल्या आईच्या, वनमालाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी हेच गुरुजींचं सार असं महाराष्ट्राने जवळजवळ ठरवून टाकलं. दोष चित्रपटाचा नाही. मृत्यूने भांबावलेल्या वाचकाला जे चित्र हवं होतं, तेच त्याने त्यातून उचललं.

लेखक अनपेक्षित वागला की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर त्याला देव्हाऱ्यातून खाली ओढतो, नाहीतर त्याचं वागणं इतकं मऊ कुटून घेतो की ते आपल्या जुन्या मूर्तीत बसावं. पहिलीचा गाजावाजा होतो, म्हणून तीच डोळ्यांत भरते. दुसरी जास्त चालते, आणि मला वाटतं, नुकसानही तीच जास्त करते. कारण दोन्हींत पुस्तक पुन्हा उघडायचे कष्ट वाचतात, पण दुसरीत वर भक्ती केल्याचं समाधानही मिळतं.

पहिल्या तऱ्हेचा अनुभव गुरुजींनी जिवंतपणीच घेतला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी गावोगाव हिंडून लोकमत जागवलं आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडलं. स्वातंत्र्य उंबऱ्यावर येऊन ठेपलेलं असताना हे आत्ताच कशाला, असं म्हणणारे होते. धर्म बुडाला म्हणणारे तर होतेच. मुलांना गोष्टी सांगणाऱ्या माणसाने गोष्टी सांगाव्यात, देवळाच्या दाराशी का जावं? दहा दिवसांनी, मंदिर खुलं होणार हे ठरल्यावर, उपोषण सुटलं. पण पुढे दार खरोखर उघडलं, तेव्हा देव बाटला म्हणून काही कर्मठांनी देवळात पाऊल टाकायचंच सोडलं. यात मला एक भेदक गंमत दिसते. त्या भक्तांच्या लेखी विठ्ठलच अनपेक्षित वागला होता, आणि त्यांनी आपली समजूत बदलण्याऐवजी विठ्ठल सोडला.

याच उपोषणात दुसरी एक गोष्ट घडली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. गुरुजी स्वतः मोठे भक्त होते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी शब्दन् शब्द टिपून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. गांधीजी तर त्यांचं सर्वस्व. त्या गांधीजींनीच, मिळालेल्या माहितीच्या आधारे, हे उपोषण थांबवा असा निरोप धाडला. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर चाललो, त्याने ऐन वेळी असं वागावं! गुरुजी रुसले नाहीत. गांधीजी आता पूर्वीचे राहिले नाहीत, असं बोलत सुटले नाहीत. गांधीजींच्या नाराजीला ओढूनताणून होकाराचं रूपही त्यांनी दिलं नाही. त्यांनी उपोषण सुरू ठेवलं आणि गांधीजींवरची श्रद्धाही तशीच ठेवली. गांधीजींचा खून झाला, तेव्हा याच माणसाने 21 दिवसांचं उपोषण केलं. ‘आपला’ माणूस आपल्या मनाविरुद्ध गेल्यावर त्याच्यावर प्रेम कसं करावं, याचा धडा आमच्या गुरुजींनी असा आधीच गिरवून ठेवला आहे. त्यांच्या वाचकांनीच तो घेतला नाही.

असे प्रसंग मराठीत पुढेही आले. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत म्हणजे झाडं, फुलं, लोककथा, असं मानणाऱ्यांसमोर 1975 मध्ये कराडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध ठाम उभ्या राहिल्या, तेही स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण असताना. पुढच्या वर्षी त्या तुरुंगात गेल्या. 1977 मध्ये पु. ल. देशपांडे प्रचारसभांत बोलू लागले, तेव्हा हसवणाऱ्याने हसवावं, राजकारणात पडू नये, असा सूर निघालाच. 1996 मध्ये पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारून त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या ठोकशाहीच्या भाषेवर बोट ठेवलं आणि बाळासाहेब ठाकरे उघड संतापले. या वेळी एक नवंच पाहायला मिळालं. ज्यांनी पुलंचं पान कधी उलटलं नव्हतं तेही रातोरात त्यांचे चाहते झाले, आणि ज्यांना ‘बटाट्याची चाळ’ तोंडपाठ होती त्यांतल्या काहींनी नाक मुरडलं. लेखकाच्या वागण्यावर ठरणारं प्रेम असंच असतं, त्याला पुस्तकाची गरज लागत नाही.

म्हणजे लेखकाने काहीही करावं आणि वाचकाने मान डोलवावी, असं मुळीच नाही. एखाद्या लेखकाने कुणावर अन्याय केला, कुणाला छळलं, तर तिथे वाचकाच्या प्रेमाचा प्रश्नच येत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं म्हणणं आधी ऐकायचं. अशा वेळी पुस्तकं पुढे करून माणूस झाकणारा चाहता हाही मूर्तीच सांभाळत असतो. मी स्वतःपुरता एक प्रश्न ठेवला आहे. या वागण्याने दुखावलं कोण, कुणी जिवंत माणूस, की त्या लेखकाविषयीची माझी कल्पना? बहुतेक वेळा उत्तर दुसरंच निघतं. आणि कल्पना दुखावली तर त्याची भरपाई लेखकाने का करावी?

त्या मुलाला कार्यक्रम संपल्यावर गाठून मी खरं सांगितलं असतं का? कदाचित नाही. त्या वयाला खरं सांगायचं ते घरातल्या, भरवशाच्या माणसाने, सावकाश आणि जपून. पण त्याच्या सरांच्या वयाच्या आम्हा लोकांना तरी ‘हळवे’ या शब्दाआड लपायचं कारण नाही. वडघरच्या शिबिराला येणाऱ्या तरुणांच्या हाती ‘श्यामची आई’ बरोबरच जप्त झालेली ‘पत्री’ आणि पंढरपूरच्या त्या दहा दिवसांची हकीकतही पडायला हवी. मग आईसाठी रडणारा, सत्तेला झोंबणारा, गांधींनाही नाही म्हणणारा आणि शेवटी आपल्यापैकी कुणाचाच हात न पोचू शकलेला, असा एकच माणूस त्यांना भेटेल. तो आपल्या मापाचा नसेल. आपल्या मापाचेच लेखक हवे असतील, तर वाचायची तसदी तरी कशाला घ्यायची?